व्होल्टेज कमी करणारी

त्या गल्लीत मला माझ्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. मी ‘ती व्होल्टेज कमी करणारी’ होते. कोपऱ्यावरच्या दुकानात साबण घ्यायला गेले की दुकानदार आधी वर ट्यूबलाइटकडे बघायचा आणि मग साबण द्यायचा. समोरच्या काकूंचा मिक्सर अडकला, पलीकडच्यांच्या टीव्हीत मुंग्या आल्या, शेजारच्या बंगल्यातली पाण्याची मोटर घरघरली, सगळ्याला कारण मी. आता ही गोष्ट सांगितली की लोक हसतात. हसा. मला अजून हसू येत नाही.

व्होल्टेज मी कमी केलं होतं, यात खोटं काही नाही. माझ्या कॉम्प्युटरच्या आत बसलेल्या, काडेपेटीपेक्षाही लहान अशा एका तुकड्याचं केलं होतं. गल्लीचं नाही.

आम्ही दोघी बहिणी कर्वेनगरात एका बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत राहायचो. मूळच्या चंद्रपूरकडच्या. धाकटीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मी आधीच इथं नोकरी करत होते. वडिलांनी एकच अट घातली होती: दोघी एका छपराखाली, चांगल्या वस्तीत, आणि तिला चालत कॉलेजला जाता आलं पाहिजे. तसं होत असेल तर पुणे, नाहीतर परत. वडील बोलायचे कमी, पण बोललेलं बदलत नसत. म्हणजे ती खोली ही नुसती खोली नव्हती. ती होती तोवर बहिणीचं कॉलेज होतं.

खोली मिळाली तीही सहजासहजी नाही. मालक निवृत्त होते, पांढरीशुभ्र बंडी घालून व्हरांड्यात बसायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. आधी ते काय करायचे हे आम्ही कधी विचारलं नाही, कारण भाडेकरूंनी प्रश्न विचारायचे नसतात, उत्तरं द्यायची असतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव दोनदा म्हणून पाहिलं. आमच्या आडनावावरून पुण्यात कुणाला नीट अंदाज बांधता येत नाही. “म्हणजे आपण नेमक्या कोण?” त्यांनी विचारलं. चंद्रपूरच्या, मी म्हटलं. “हो, ते कळलं,” ते म्हणाले आणि खोली दिली. आम्ही खूश झालो. काकांची बायको, म्हणजे काकू, जिन्यावरून वाटीभर काहीबाही वर पाठवायच्या, कधी साबुदाण्याची खिचडी, कधी आंबट-गोड आमटी. आम्ही वाटी धुऊन, त्यात काहीतरी घालूनच परत द्यायचो.

माझी नोकरी हडपसरला होती. पुण्याच्या पूर्वेला तेव्हा ऊस काढून टॉवर लावत होते, आणि लावायच्या आधी ते टॉवर विकत होते. विकायला चित्रं लागायची. न बांधलेल्या इमारतीचं, ती जणू बांधून होऊन त्यात माणसं राहायला आलीत असं चित्र कॉम्प्युटरवर करणं, हे माझं काम. आयटीवाली जोडपी ती माहितीपत्रकं हातात घेऊन हरखून जायची. मी गॅलरीत कुंड्या ठेवायचे, खाली निळं पाणी भरायचे, सोफ्यावर उन्हाचा पट्टा पाडायचे. एका कपाटावर मी एकदा गणपती ठेवला, तो साहेबांना फार आवडला. तेव्हापासून प्रत्येक घरात गणपती. माझ्या घरी काय असतं ते मला कुणी विचारलं नव्हतं.

ऑफिसात मशीन कमी आणि चित्रं जास्त, म्हणून वरचं काम मी घरी घ्यायचे. त्यावर बहिणीचं कॉलेज चालायचं. त्यासाठी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून एकेक भाग निवडून आणून मी स्वतः कॉम्प्युटर जोडला होता. दुकानदार माझ्याशी न बोलता माझ्या मागं कुणी पुरुष उभा आहे का ते बघायचा. नसायचा. चित्र पूर्ण व्हायला, म्हणजे सगळी सावली, काच, पाणी यांचा हिशेब मशीननं करायला, अख्खा दिवस जायचा. म्हणून मी प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त पळवायचं, एवढाच त्याचा अर्थ. सेटिंग बदलायचं, मशीन चालू करायचं, बंद पडलं तर एक पाऊल मागं यायचं. इंटरनेटवर जगभरची मुलं हे करत होती, बहुतेक गेम खेळायला. मी दुसऱ्यांच्या गॅलरीत कुंड्या ठेवायला करत होते.

मार्चमध्ये आई-वडील आठवडाभर आमच्याकडे राहून गेले. येताना वडिलांनी एक लहानशी बुद्धमूर्ती आणि एक फ्रेम केलेला फोटो आणला. निळा कोट, गोल चष्मा, आमच्या प्रत्येक घरात असतो तो. वडिलांनी स्वतः खिळा ठोकला, आईनं स्वतः हार घातला. बहिणीला आता या खोलीत आपल्या घरासारखं वाटेल, असं आई म्हणाली, आणि खरंच वाटायला लागलं.

ते दोघं गेल्यावर दोन-तीन दिवसांनी काका टाकीचा व्हॉल्व्ह बघायला वर आले. दार उघडं होतं. ते उंबऱ्यात थांबले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, “अच्छा. बरं.” मग व्हॉल्व्ह न बघताच खाली गेले. त्या आठवड्यापासून वाटी येणं बंद झालं. मला वाटलं, काकूंना बरं नसेल.

मग तक्रारी सुरू झाल्या. पहिली तक्रार कॉम्प्युटरच्या पंख्याची: आवाज फार येतो. ती मला पटली, कारण आवाज खरंच यायचा. उन्हाळा, वर तापलेली गच्ची, त्यात ताणलेला प्रोसेसर. पंखा जीव तोडून फिरायचा. दुसरी तक्रार, आपल्या मशीनमुळे आमचं व्होल्टेज उतरतं. ही मला पटली नाही, पण मी म्हटलं, माणूस वयस्कर आहे, समजावून सांगू.

आणि इथं मी जो उद्योग केला त्याचा मला तेव्हा अभिमान होता. वेग वाढवला की मदरबोर्ड आपणहून प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवतो, आणि सावधगिरी म्हणून गरजेपेक्षा बरंच जास्त वाढवतो. ते जास्तीचं सगळं उष्णता होऊन बाहेर पडतं. मी ते सेटिंग आपल्या हातात घेतलं आणि व्होल्टेज एकेक पायरी खाली उतरवत गेले. प्रत्येक पायरीनंतर मशीनला तासन् तास आकडेमोड करायला लावायची, निळा स्क्रीन येऊन ते बंद पडलं की एक पायरी वर. शेवटी असा एक आकडा सापडला की वेग तोच, ताण तोच, आणि प्रोसेसर इतका थंड की पंखा चालू आहे की नाही ते वाकून बघावं लागावं. वीजही कमी. असं काही जमलं की जो आनंद होतो तो कुणाला सांगावा? बहीण अभ्यासात होती. मी जिन्यात काकांना सांगितलं.

“काका, मी व्होल्टेज कमी केलंय,” मी म्हटलं.

या वाक्याची मला अजून चीड येते. लोकांच्या घरात व्होल्टेज या शब्दाचा एकच अर्थ आहे. व्होल्टेज कमी म्हणजे ट्यूब लुकलुकते, फ्रीज गुरगुरतो, स्टॅबिलायझर टकटक करतो. व्होल्टेज कमी होणं ही आपत्ती असते आणि ती वीजवाल्यांकडून येते. ती मी केली असं मीच जाहीर केलं, आणि तेही हसत. काका म्हणाले, “अस्सं. म्हणजे आपणच करता होय.” दुसऱ्या दिवशी ते गल्लीभर झालं होतं.

मी पुन्हा समजावलं. भिंतीतून येतात ते दोनशे तीस व्होल्ट, प्रोसेसरला लागतो जेमतेम सव्वा व्होल्ट. मधे अमुक असतं, तमुक असतं, आतलं उतरवलं म्हणून बाहेरचं उतरत नाही, उलट आपल्या वायरिंगवरचा भार कमीच होतो. कॅलेंडरच्या जुन्या पानामागं आकृती काढून दाखवली. काका चहा पीत शांतपणे ऐकत होते. मधे मधे मान हलवायचे. मला वाटायचं, कळतंय हळूहळू. मी आणखी सोपं करून सांगायचे. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “ते सगळं ठीक आहे हो. पण आमचा फ्रीज बंद पडतो ना.”

मी वर आले तेव्हा बहीण पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, “ताई, कायले समजावून राहिली तू त्याईले? हे व्होल्टेजचं नाही होय. फोटोचं होय.”

मी तिच्यावर उखडले. म्हटलं, प्रत्येक गोष्टीत तेच बघायचं नाही. माणूस शिकलेला दिसतो, पेपर वाचतो, आपल्याला अहो-जाहो करतो. त्याला मुद्दा पटवून दिला की झालं. मुद्दा पटवून दिला की माणूस बदलतो, हे मला शाळेपासून शिकवलेलं, आणि मी शहाण्या मुलीसारखं ते पाठ केलेलं. बहिणीनं नाही केलं. ती माझ्यापेक्षा लहान होती आणि तिला जास्त कळत होतं, याचाही मला तेव्हा रागच आला.

मग मी ऑफिसातल्या एका मुलाकडून मल्टिमीटर मागून आणला. काकांना त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या प्लगवर व्होल्टेज मोजून दाखवलं. दोनशे आठ. वर पळत गेले, मशीन पूर्ण ताकदीनं कामाला लावलं, खाली पळत आले. दोनशे आठ. मशीनचा प्लगच भिंतीतून काढून टाकला. दोनशे आठ. घामानं माझी ओढणी चिकटली होती आणि मी परीक्षेत पहिली आल्यासारखी त्यांच्याकडे बघत होते. काकू ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, मी असेपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. काकांनी मीटर हातात घेतला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, “चायनाचा दिसतोय.”

हे पुणेरी उत्तर. यावर लोक कौतुकानं हसतात, किस्से सांगतात. ज्याचं छप्पर जाणार असतं त्याला त्यातला विनोद कळत नाही.

तरीही मी ऐकत गेले. वेग काढून घेतला, प्रोसेसर कंपनीच्या ठरलेल्या वेगावर आणला. मग व्होल्टेज त्याहून खाली नेलं. मग वेग आणखी खाली. मशीन आता इतकं मंद झालं की घरचं काम वेळेत पुरं होईना, आणि ते काम ऑफिसनं दुसऱ्याला दिलं. मी रोज खाली जाऊन सांगायचे, काका, आता अजून कमी केलंय. ते म्हणायचे, असं का, बरं. एक दिवस मशीन चालूच होईना, एवढं मी ते उतरवलं होतं. सगळं खोलून, मूळ सेटिंग परत आणून ते जिवंत करावं लागलं. आज तो प्रकार आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते. एका बंडी घातलेल्या माणसाचं समाधान व्हावं म्हणून मी माझ्या हातानं माझं मशीन मरेपर्यंत उतरवलं होतं.

मे महिन्यात त्यांचा फ्रीज खरोखर बंद पडला. जुनाच होता, पण कारण तयार होतं. काका वर आले, पहिल्यांदाच दार वाजवलं, उंबऱ्याबाहेर थांबले आणि म्हणाले, वायरिंग जुनं आहे, झेपत नाही, तेव्हा महिनाअखेर खोली मोकळी करून द्या. मी म्हटलं, मी कॉम्प्युटर विकते. ते म्हणाले, नको, कशाला, आपल्या कामाची वस्तू आहे. त्याच जुन्या वायरिंगवर आमच्यानंतर आलेल्या दोघा बँकवाल्या मुलांनी एसी बसवला. हे मला त्या साबणवाल्या दुकानदारानंच पुढं कधीतरी सांगितलं, आणि वर म्हणाला, आता नाही हो उतरत व्होल्टेज.

बहिणीची परीक्षा चालू होती. ती पेपर लिहायची आणि मी खोल्या बघत हिंडायचे. कर्वेनगर, वारजे, कोथरूड. आता मला लोकांच्या प्रश्नांचा अर्थ आपोआप कळायला लागला होता. नेमक्या कोण, कुठल्या, घरी सण कुठले करता, लग्नं कुणात होतात. मी सगळीकडे सरळ सांगायला लागले की आम्ही बौद्ध आहोत. त्यावर कुणी वाईट बोललं नाही. कुणाची खोली कालच गेलेली असायची, कुणाचा भाचा येणार असायचा, एका बाईंनी तर मला सरबत दिलं आणि मग खोलीला ओल आहे असं सांगितलं. हॉस्टेलला जागा नव्हती. शेवटी विश्रांतवाडीला गावाकडच्या ओळखीच्या एका कुटुंबानं, तेच आधी एका खोलीत पाच जण, आम्हा दोघींना पथारीपुरती जागा देऊ केली. तिथून बहिणीचं कॉलेज म्हणजे शहराचं दुसरं टोक, दोन बस बदलून, परत येईपर्यंत अंधार. मी फोनवर वडिलांना खूप विनवलं. ते म्हणाले, मी येतो.

ते आले तेव्हा मी त्यांना लाइटचं भांडण झालं एवढंच सांगितलं. व्होल्टेजची सगळी कथाही सांगायला घेतली, पण त्यांनी ती ऐकली नाही. ते उठले, भिंतीवरचा फोटो उतरवला, आपल्या रुमालानं काच पुसली आणि टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला. मग खिळ्याच्या भोकाकडे बघत म्हणाले, “फोटो मी आणाले नोता पाहिजे.”

ते वाक्य ऐकून मला जी चीड आली ती कुठं ठेवावी हे आजही मला कळलेलं नाही. ज्यानं आयुष्यभर ऑफिसात ताठ मानेनं नोकरी केली, त्या माणसाला स्वतःच्या मुलीच्या भिंतीवर फोटो लावल्याबद्दल चुकल्यासारखं वाटत होतं. बहिणीनं पुस्तकं दोरीनं बांधली. तिचं एकच वर्ष राहिलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं ते दोघं गेले. तिनं पुढं गावाकडून बाहेरून बी.ए. केलं, लग्न झालं, मुलं झाली, सगळं व्यवस्थित आहे. इंजिनिअर मात्र ती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सामान बांधून टेम्पोची वाट बघत जिन्यात उभी होते. पन्नाशीचे एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन फाटकात आले आणि मला विचारलं, सर आहेत का घरात? कोण सर, मी विचारलं. ते म्हणाले, अहो हेच, आम्हाला पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवायला होते, त्यांच्यासारखा शिक्षक झाला नाही, माझा मुलगा पास झाला म्हणून पाया पडायला आलोय. एवढं बोलून ते आत गेले. आतून काकांचं हसणं ऐकू आलं. मी त्यांना तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

मी तिथंच उभी राहिले. चहा पीत मान हलवणारा तो माणूस मला दिसत होता, आणि त्याच्यासमोर घसा कोरडा करत व्होल्टेज म्हणजे काय ते सांगणारी मी. दोनशे तीस आणि सव्वा. कॅलेंडरचं पान. जिन्यातलं पळणं.

पाहुणे गेल्यावर मी किल्ली द्यायला गेले. ठरवलं होतं की आज काय ते तोंडावर बोलून टाकायचं. बहिणीचं वर्ष, वडिलांचा रुमाल, सगळं. काका व्हरांड्यात बसले होते, पुढ्यात पेढ्यांचा उघडा पुडा. तो त्यांनी माझ्यापुढं केला नाही.

“आपण इलेक्ट्रिकल शिकवायचात,” मी म्हटलं.

“हो. निवृत्त होईपर्यंत.”

“मग मी सांगत होते ते आपल्याला कळत होतं.”

“कळत होतं की, पहिल्याच दिवशी,” ते म्हणाले. आवाजात ना राग, ना लाज. किल्लीसाठी त्यांनी हात पुढे केला. “अगदी बरोबर सांगत होतात आपण. माझ्या वर्गात असतात तर पैकीच्या पैकी दिले असते.”

मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. बोलायचं ठरवलेलं सगळं ओठांशी आलं होतं. आणि शिक्षकानं शाबासकी दिली की जे तोंडातून निघावं अशी लहानपणापासून सवय लावलेली असते, तेच निघालं. मी त्यांना थँक्यू म्हटलं.